तिरका ओळंबा

१

सहलीहून परत आल्यावर पहिल्या सकाळी मी नेहमीसारखी उठले, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. हात जोडून डोळे मिटले, तर पायाखालची फरशी हलकेच वर आली. वर आली, जरा थांबली आणि खाली गेली. जहाजावर जायची तशीच. डोळे उघडले तर ज्योत सरळ होती, देव जागेवर होते. म्हणजे हलत असेन तर मीच, असं स्वतःला समजावून मी पुन्हा डोळे मिटले आणि नमस्कार पुरा केला.

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. जहाजावरच्या नर्सबाईंनी उतरायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, की घरी गेल्यावर थोडे दिवस जमीन डोलल्यासारखी वाटेल, कुणाकुणाला वाटतं तसं. तेव्हा मला हसू आलं होतं. सगळा जन्म जमिनीवर काढला आणि शरीर आठवडाभराच्या पाण्याला धरून बसतं, म्हणजे कमालच की.

सहल लेकीनं दिली होती. ती लांब देशी असते. फोनवर म्हणाली, तुम्ही दोघं कधी कुठे गेलाच नाहीत, आता जा. ह्यांनी आधी नाहीच म्हटलं. हे फोटोंना फ्रेमा करतात. आमच्या घराखालीच, रस्त्याला लागून दुकान आहे. दुकान कोण बघणार, अर्धवट कामं पडली आहेत, एक ना दोन. मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की हे दोन दिवसांत येतात वळणावर. तसे आले.

आणि गेल्यावर काय झालं, की माझा हा अबोल माणूस जहाजावर बोलायला लागला. दिवसभर कठड्याशी उभे. पाणी कसं मागे पांढरं होत जातं ते दाखवायचे, क्षितिजाची रेघ बघ म्हणायचे, अशी सरळ रेघ कुणाच्या हातून निघायची नाही म्हणायचे. मी खुर्चीत बसून जप करायची आणि मध्येच त्यांच्याकडे बघायची. मला फार बरं वाटायचं. वाटायचं, घरी गेल्यावरही हे थोडंसं टिकलं तर किती छान होईल.

घरी आल्यावर बोलणं थांबलं. डोलणं तेवढं टिकलं.

२

आमचे डॉक्टर वयानं लहान, आम्हाला काका-काकू म्हणतात. त्यांनी माझ्या कानात बघितलं, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, मला फरशीच्या रेघेवरून चालवलं. मी नीट चालले. मग हसून म्हणाले, "काकू, तुम्ही जहाज सोडलंत, पण त्यानं तुम्हाला सोडलेलं दिसत नाही." औषध फारसं काही नाही, चालत राहा, पडून राहू नका, जाईल हळूहळू. ह्यांनाही विचारलं, तुम्हाला काही होतं का. हे म्हणाले, "छे. मला काही नाही."

हे दाराशी उभे होते. ते असं म्हणाले त्याच वेळी माझ्या पायाखालची जमीन खाली गेली, आणि ह्यांनी हात लांब करून चौकट धरली. जमीन वर आली तसा हात सुटला. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

एकदा दिसल्यावर मग तेच दिसायला लागलं. आमच्या घरात मधल्या खोलीकडे जाणारा अरुंद बोळ आहे. तिथून जाताना हे भिंतीला बोटं टेकवायचे, जहाजावरच्या बोळात सगळे टेकवतात तशी. कधी उजव्या भिंतीला, कधी डाव्या. आणि प्रत्येक वेळी, माझी जमीन ज्या बाजूला कलायची त्याच बाजूला. मी स्वयंपाकघरातून बघायची. आपल्याला लाट आली असं वाटलं की ह्यांचा हात जातो. मनात म्हणायची, बाई गं, हे आपल्या मनाचे खेळ आहेत. माणूस जे शोधतो तेच त्याला दिसतं. पण मी काही शोधत नव्हते हो, मी भाजी चिरत होते.

खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटली नाही. उलट आधार वाटला. दुपारचा चहा आम्ही समोरासमोर बसून घेतो, न बोलता. मी जरा पुढे झुकायची, हेही झुकायचे. मी मागे, हेही मागे. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं एकाच वेळी एकच काहीतरी करत होतो.

३

मग तसबिरींचं सुरू झालं.

बोळात लेकीचे फोटो आहेत, रांगत असल्यापासून लग्नापर्यंतचे. ह्यांच्याच हातच्या फ्रेमा. त्या कधी केसभर तिरक्या झाल्या तरी ह्यांना जेवण गोड लागत नाही. एका सकाळी बघते तर सगळ्या कललेल्या. एखादी नव्हे, सगळ्या, आणि सगळ्या एकाच कोनात. मला वाटलं, खालून मोठा ट्रक गेला असेल. मी एकेक सरळ केली. दुपारी पुन्हा तशाच.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांनाच ते करताना पाहिलं. हातात ओळंबा होता. म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंत किंवा फ्रेम सरळ आहे का ते त्यावरून बघतात. एक डोळा मिटून, दोरी फ्रेमेच्या कडेशी धरून, हे लेकीचा शाळेतला फोटो अगदी शांतपणे तिरका करत होते.

मी म्हटलं, "अहो, वाकडी होतेय ती."

"ओळंब्यावर लावतोय," हे म्हणाले. "तुला चक्कर येते म्हणून तसं दिसतं."

तेही पटण्यासारखं होतं. त्यात मला चक्कर येत होतीच. आणि आणखी एक, जमीन त्या बाजूला खाली गेली की तेवढा एक क्षण ती फ्रेम मला अगदी सरळ दिसायची. मग जमीन वर यायची आणि ती वाकडी व्हायची.

पण डॉक्टरांना कुठे चक्कर येत होती? त्यांनी आपल्या वडिलांचा मोठा फोटो ह्यांच्याकडून फ्रेम करून घेतला होता आणि दवाखान्यात लावून घेतला होता. त्यांचा फोन आला. "काका, माझा पेशंट आधीच गरगरतंय म्हणून आलेला असतो. त्यात समोर बाबा असे कललेले. तो खुर्ची सोडायला तयार होत नाही." हे गेले, पुन्हा लावून आले. डॉक्टरांनी पुढे फोन केला नाही. स्वतःच सरळ केला असणार, भिडस्त आहेत.

शेजारच्या गाळ्यात शिवणवाल्या वहिनी बसतात. त्यांची जीभ कात्रीहून बरी चालते. मला गाठून म्हणाल्या, भावजींना बोटीवर काय पाजलंत ते आम्हालाही सांगा, आमच्या घरी एक फार सरळ माणूस आहे. मी हसले. जिना चढताना मात्र ते हसू पुरलं नाही.

४

नेमांची मला सवय आहे. लेक तापानं फणफणली होती तेव्हा मी गोड सोडलं होतं. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गादी सोडून चटईवर झोपले होते. लेकीला परदेशी नोकरी लागावी म्हणूनही एक नेम केला होता, आणि ती लागली तेव्हा मी देवाजवळ बसून रडले होते. आनंदानंच, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. माझ्याजवळ दुसरं काय आहे? देवाला द्यायचं तर आपल्या ताटातलं, अंथरुणातलं काहीतरी काढून द्यायचं. त्यानं आजवर ते गोड मानून घेतलं आहे.

पण हे सगळे नेम दुसऱ्यांसाठी होते. स्वतःसाठी मागायची वेळ आली नव्हती.

त्या दिवशी दूध उतरवताना जमीन अचानक खोल गेली आणि पातेलं हातातून सुटलं. पावलावर भाजलं, फार नाही. दुपारी लेकीचा फोन आला आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. ती घाबरी झाली. मीच तुम्हाला पाठवलं, म्हणून रडायला लागली. तिला तिकडे एकटीला रडताना ऐकून माझ्यानं राहवेना. फोन ठेवला आणि तशीच देवापुढे बसले.

मी म्हटलं, देवा, माझी जमीन स्थिर कर. जोवर ती स्थिर ठेवशील तोवर मी मीठ खाणार नाही.

ह्यांच्यासाठीही मागावं असं मनात आलं होतं. मग वाटलं, जो माणूस मला काही होत नाही म्हणतो, त्याच्यासाठी काय मागायचं? आणि एका बैठकीला फार मागू नये, असा माझा आपला शिरस्ता आहे. म्हणून ह्यांचं नाव घेतलं नाही.

त्या संध्याकाळपासून माझा भात आणि भाजी अळणी झाली. ह्यांच्यासाठी मीठदाणी टेबलावर ठेवायची. अळणी खाणं पहिले काही घास जड जातं, मग जीभ विचारायचं सोडते.

५

थोड्याच दिवसांत ते थांबलं. मी खिडकीपाशी वाटाणे सोलत होते. एक लाट आली, गेली, आणि पुढची आलीच नाही. मी शेंग हातात धरून वाट बघत राहिले. फरशी फरशीसारखी होती. घर इतकं स्थिर होतं, की मला कानात दडे बसल्यासारखं झालं. मी उठून देवाला साष्टांग नमस्कार घातला आणि कपाळ जमिनीला टेकवून बराच वेळ तशीच राहिले.

मग ह्यांना सांगायला गेले. हे बोळातून येत होते. उजव्या भिंतीला बोटं टेकवली, मग डाव्या. मी समोर सरळ उभी, आणि हे एकटेच डोलत होते.

"अहो, माझं थांबलं," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा बोलणार, तेवढ्यात चेहऱ्यावर हसू आलं. "बरं झालं," म्हणाले.

तेवढं अंतर बोळात नव्हतं. आवाजाला जायला-यायला इतका वेळ लागावा, एवढा तो बोळ लांब नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं.

त्यानंतर तसंच होत गेलं. मी स्वयंपाकघरातून हाक मारायची, जेवायला या. मग पाणी ओतायची, ताट मांडायची, हात पुसायची, आणि तेव्हा कुठे "आलो" ऐकू यायचं. आवाज नेहमीचाच, पण त्यातलं काही वाऱ्यानं नेल्यासारखं. डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम. डॉक्टर खोलीच्या कोपऱ्यातून कुजबुजले तेही ह्यांनी लगेच सांगितलं. उशीर व्हायचा तो फक्त माझ्या आवाजाला. शिवणवाल्या वहिनी म्हणाल्या, त्यात नवीन काय, सगळ्याच नवऱ्यांचं हेच. त्यांचं म्हणणं खरं असावं असं मला मनापासून वाटत होतं. मी तसं स्वतःला रोज सांगायची.

मग एका दुपारी मी चहा घेऊन दुकानात गेले. शटर अर्धं ओढलेलं होतं. हे पाठमोरे बसून काच कापत होते. काम नसेल तेव्हा ओळंबा टेबलाच्या वरच्या खिळ्याला टांगलेला असतो. माझं लक्ष सहज तिकडे गेलं.

तो तिरका होता.

झोके घेत नव्हता. झोके घेतले असते तर मी म्हटलं असतं, धक्का लागला असेल. दोरी ताठ होती, वजन निश्चल होतं, आणि सगळा ओळंबा भिंतीपासून लांब, कलून लटकत होता, कुणी खालून बोटानं ओढून धरावा तसा. भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या होत्या तशा उभ्या. पंख्याखालचे कागद स्वस्थ. मी कपबशी धरून उभी होते आणि माझ्या कपातला चहा सपाट होता, मी मुद्दाम बघितलं. मग ओळंबा हळूहळू निघाला. अगदी सावकाश, जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होतं तेवढ्या वेळात, तो सरळ झाला आणि पलीकडे कलला. त्याच्याबरोबर ह्यांचे खांदे.

"आज पाणी शांत आहे," हे म्हणाले. मागे न बघता, कुणालाच न उद्देशून.

मी म्हटलं, "चहा आणलाय." आणि उत्तर येईपर्यंत मला तिथं थांबवलं नाही. कप टेबलावर ठेवला. ठेवताना त्यातला चहा एका बाजूला चढला.

६

जहाजावरून उतरताना केवढी गर्दी होती. मी पुढे होते, पायऱ्यांकडे बघत, एक हात दांड्यावर. हे माझ्या मागे होते. मागे होते, कारण बॅग त्यांच्याकडे होती आणि बॅग घरी आली. टॅक्सीत माझ्या शेजारी बसले, मान टाकून झोपले, थोडे घोरले. घरी आल्यावर कुलूप त्यांनी उघडलं. हे सगळं मी मनाशी परत परत लावून बघायची. कुठेही फट नव्हती. आणि तरी पहिल्यापासून पुन्हा लावायची.

घर दिवसेंदिवस मोठं होत चाललं होतं. भिंती जागच्या जागी, खोल्या तेवढ्याच, पण त्यांच्या खुर्चीपासून माझ्या खुर्चीपर्यंत पोचायला माझं बोलणं अपुरं पडायला लागलं. मी साध्या गोष्टी सांगायची. वाणसामान संपलं, नळ गळतोय, लेकीचा फोन आला होता. हे प्रेमानं बघायचे. पूर्वी कधी बघत नव्हते इतक्या प्रेमानं, आणि त्याचीच मला धास्ती वाटायला लागली. निघालेला माणूस घरच्यांकडे असा बघतो.

एकदा हे आपणहून बोलले. मी समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. एवढी जवळ, की त्यांच्या शर्टाची बाही माझ्या गुडघ्याला लागत होती.

"तिकडं सगळं ठीक आहे ना?" हे म्हणाले.

मी घडी घालायची थांबले. तिकडं म्हणजे कुठं, असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. म्हटलं, "हो, ठीक आहे. तुम्ही काळजी करू नका." मग मी पांघरुणाची घडी घातली, टॉवेलांची घातली, आणि खूप वेळानं ह्यांनी मान हलवली.

त्या रात्री मी देवाकडे काहीच मागितलं नाही. काय मागावं ते कळेना. माझी जमीन त्यानं चोख स्थिर ठेवली होती. मी सांगितलं तेवढं त्यानं केलं होतं, आणि मी दिलेला शब्द मीही पाळत होते.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. ऊन टेबलावर आलं होतं. मी वाढलं, बसले, आणि ह्यांच्याकडे बघितलं.

कसं सांगावं? टेबल तेच, चार माणसांचं. पण हे मला लहान दिसले. आजारी किंवा वाळलेले नव्हे. बंदराच्या धक्क्यावर उभं राहून जहाजाच्या डेकवरच्या माणसाकडे बघितलं की तो दिसतो, तसे. चेहरा कळत होता, चेहऱ्यावरचं काही कळत नव्हतं. शर्टाची कॉलर एकसारखी फडफडत होती. खिडकी बंद होती.

मी हाक मारली. मोठ्यानं मारली, इतक्या मोठ्यानं मी या घरात कधी बोललेले नाही. हे इकडेतिकडे बघायला लागले, गर्दीत कुणाला शोधतात तसे. मग मी त्यांना सापडले असावे. त्यांनी हात वर केला आणि हलवला.

मी जन्मात एकही नेम मोडलेला नाही. तापात मोडला नाही, पाहुण्यांच्या आग्रहानं मोडला नाही. पण त्या क्षणी मला अगदी स्वच्छ दिसलं, की स्थिर जमीन हवी म्हणताना मी ह्यांना मागे ठेवून एकटीच खाली उतरले होते. आणि आता जे दूर चाललं होतं, त्याला धरायला माझ्याकडे एकच जागा होती.

"देवा," मी म्हटलं, "तू दिलंस ते चांगलंच होतं. मला ते एकटीला नको. रागावू नकोस."

मीठदाणी ह्यांच्या ताटाजवळ होती. हात तिथवर पोचेल असं मला वाटलं नव्हतं, पोचला. भातावर मीठ घातलं. कालवलं. पहिला घास तोंडात घेतला तर जिभेला झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं. गिळला. काही झालं नाही. दुसरा घास घेतला. समोर हात अजून हलत होता, पण सावकाश, दमल्यासारखा. तिसरा घास मी चावलाच नाही, तसाच गिळला, आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसले. मला वाटलं, आपल्याला उशीर झाला.

तेव्हा फरशी हलली.

आधी अगदी थोडी, झोपेत कुणी कूस बदलावी तशी. मग ती माझ्या पावलांखाली भरून आली, मला खुर्चीसकट उचलून वर घेऊन गेली, जरा थांबली, आणि अलगद खाली उतरली. माझे खांदे आपोआप मागे गेले. समोर ह्यांचे गेले.

हे माझ्या समोर होते. हात लांब केला असता तर गाल लागला असता इतके समोर. मिशीला भाताचं शीत चिकटलं होतं.

"आलीस?" हे म्हणाले. लगेच म्हणाले.

"आले," मी म्हटलं. कुठे, ते विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता आणि तो उबदार होता. हे बोलायला लागले. भाजी छान झालीय म्हणाले. वारा पडलाय, संध्याकाळी मोकळं दिसेल म्हणाले. मी ऐकत राहिले.

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. बाईचा आवाज होता, ओळखीचा वाटला, शिवणवाल्या वहिनींसारखा. शब्द नीट लागत नव्हते. मी कान देऊन ऐकलं, कदाचित मलाच असेल म्हणून. पण प्रत्येक लाटेबरोबर ती हाक थोडी थोडी मागे पडत गेली.